सायकलच्या इंजिनाला एक्स्पान्शन चेंबर: विकतचा पाइप लावून ओढ कमी का झाली?

फ्रेस्नोकर

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला असतो. गराजमध्ये पडून असलेल्या जुन्या २६ इंची लोखंडी क्रूझर सायकलला मी टू-स्ट्रोक इंजिनचं किट बसवलं आहे. बाजारात ते '८० सीसी' म्हणून विकतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमी, म्हणजे गणित केलं की ६६ सीसी भरतं. वरचे १४ सीसी स्टिकरवाल्याने पदरचे घातले असावेत. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, ४४ दातांचं आहे.

किटबरोबर आलेला सायलेन्सर म्हणजे वाकवलेली नळी आणि तिच्या टोकाला एक डबा. त्यावर गाडी सपाटीला ताशी २८ मैल, म्हणजे साधारण ४५ किमीपर्यंत जायची. मग ऑनलाइन एक एक्स्पान्शन चेंबर घेतला, तो पोट फुगलेला, क्रोम केलेला पाइप असतो ना, तोच. बोल्टवर बसतो, काही कापाकापी नाही.

लावल्यावर आवाज दुप्पट झाला आणि वेग होता तिथेच राहिला. फ्रेस्नो तव्यासारखं सपाट आहे, इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर. त्या फ्लायओव्हरवर गाडी आता आधीपेक्षा लवकर दमते, पॅडल मारून मदत करावी लागते. कार्ब्युरेटरची सुई वरखाली करून पाहिली, फरक नाही. गॅस्केट नवीन आहे.

आपल्याकडे जुन्या टू-स्ट्रोकवर हात काळे केलेले बरेच जण आहेत हे ठाऊक आहे. पाइप खराब आहे की या इंजिनाला तो चालतच नाही? घरी वेल्डिंग मशीन आहे, वेळ पडल्यास नवा बनवायची तयारी आहे.

लुनाप्रेमी

धाग्याला पहिलं पाणी माझं. आमच्या घरी लुना होती, म्हणजे कायद्याने मोपेड आणि खरं पाहता इंजिन लावलेली सायकलच. पेट्रोल संपलं की पॅडल मारत घरी. तिची ओढ कमी झाली की मेकॅनिक आधी सायलेन्सर उतरवायचा. आतली पुंगळी कार्बनने गच्च भरलेली असायची. तो सरळ भट्टीत घालून लाल करायचा, थंड झाला की ठोकायचा आणि मूठभर काळा चुरा खाली पडायचा. लुना परत वाऱ्यावर.

तुम्ही जुना सायलेन्सर फेकला नसेल तर आधी तो साफ करून लावून बघा. कदाचित नव्या पाइपची गरजच नव्हती.

अवांतर: 'चल मेरी लुना' ही जाहिरात आठवणाऱ्यांनी हात वर करा, म्हणजे धाग्यावरचं सरासरी वय कळेल.

टिवल्याबावल्या

हात वर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उद्यमनगरी

फ्रेस्नोकर भावा, पाइप खराब न्हाय. तुझ्या इंजिनाचा न्हाय, एवढंच.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात पत्र्याचं काम करतो. आरएक्स हंड्रेडचे, यामाहाचे, शोगनचे चेंबर लई बनवलेत. गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं, 'मामा, असा बनवून द्या'. फोटोवरून आकार बनतो, पण पाइप चालत न्हाई. मी आधी तीन गोष्टी विचारतो, त्या तुलाबी विचारतो.

एक्झॉस्ट पोर्ट, म्हंजे सिलिंडरातनं धूर बाहेर जायचं भोक, किती डिग्री उघडा राहतो? गाडी जास्त वेळ किती आरपीएमला पळवणार? आणि आत्ता जो पाइप हाय त्याची लांबी किती, पिस्टनच्या तोंडापासनं ते मागच्या निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंत? बाहेरनं दोरी लावून मोज, वाकणाच्या मधल्या रेषेवरनं.

गॅस्केट नवीन हाय म्हणतोस, पण ती काढून बघ. या किटच्या गॅस्केटचं भोक बऱ्याचदा पोर्टपेक्षा लहान असतंय, आत कडा येती. पाइपाच्या फ्लँजचंबी तसंच. कानस घेऊन तिन्ही भोकं एक कर. तेवढ्यावर फरक दिसतो आणि खर्च शून्य.

लुनाप्रेमी, भट्टीचं बरोबर हाय, पण क्रोम जातंय त्यात. आम्ही कॉस्टिक सोड्यात भिजत घालतो. फक्त ॲल्युमिनियमचा काही भाग असंल तर अजिबात घालू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि वर हायड्रोजन सुटतो. हातमोजे, चष्मा पाहिजेच.

फ्रेस्नोकर

मामा, धन्यवाद! पाइपाची लांबी तुम्ही सांगितली तशी मोजली: ६४० मिमी. डिग्री कशी मोजायची?

ध्वनिलहरी

डिग्री मोजायचं मी सांगते, शिवाय ती का मोजायची हेही. मी पॉलिटेक्निकला भौतिकशास्त्र शिकवते आणि ध्वनितरंगांचा तास रटाळ होऊ नये म्हणून हेच उदाहरण घेते.

मोजणं सोपं आहे. ३६० अंशांचा कोनमापक कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि मॅग्नेटोच्या बाजूच्या नटावर बसवा. तारेचा काटा करून इंजिनाला बांधा. प्लग काढून पिस्टन सगळ्यात वर कुठे येतो तो बिंदू शोधा, तिथे शून्य. आता पाइप उतरवून पोर्टमध्ये टॉर्च मारा आणि इंजिन हाताने फिरवा. पिस्टनची कड खाली जाताना पोर्टची पहिली फट दिसली तो अंश लिहा. तो समजा 'क्ष' असेल तर पोर्ट उघडा राहण्याचा काळ ३६० वजा दोन क्ष.

आता कारण. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टला स्वतंत्र व्हॉल्व्ह नसतो. पिस्टनच खाली जाताना आधी एक्झॉस्टचं भोक उघडतो, मग ट्रान्स्फरचं, म्हणजे ताजं मिश्रण आत येण्याचं. ताजं मिश्रण आत येतं तेव्हा बाहेरचा दरवाजा उघडाच असतो आणि त्यातलं बरंचसं न जळताच निसटतं. वर येताना ट्रान्स्फर आधी बंद होतो, एक्झॉस्ट नंतर. म्हणजे शेवटच्या काही अंशांत फक्त गळती.

चेंबर ही गळती दाबाच्या लहरीने अडवतो. पोर्ट उघडला की दाबाची जोरदार लहर पाइपात सुटते. पाइप रुंद होत जातो तिथून ती उलट्या चिन्हाने परतते, म्हणजे ओढ निर्माण करते आणि जळका वायू खेचून घेते, पाठोपाठ ताजं मिश्रणही थोडं पाइपात येतं. पुढे पाइप निमुळता होतो तिथून लहर दाबाच्याच रूपात परत फिरते आणि निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये कोंबते. त्याच क्षणी पोर्ट बंद झाला तर फायदा. लहर लवकर आली किंवा उशिरा आली तर उलट नुकसान.

लहरीचा वेग गरम वायूत सेकंदाला साधारण ५१० मीटर धरतात. पोर्ट उघडा असतो तेवढ्या वेळात तिने जाऊन परत यायचं. त्यावरून लांबी मिलीमीटरमध्ये अशी निघते: पोर्टचे अंश गुणिले ४२५४५, भागिले आरपीएम. ही लांबी पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंतची. मामांनी नेमकी तीच मोजायला सांगितली आहे.

अवांतर: या विद्येचं बरंचसं श्रेय पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊच्या एमझेड मोटरसायकल कारखान्यातल्या वाल्टर काडेनला जातं. त्याच्या १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनाने १९६१ च्या सुमारास २५ अश्वशक्ती गाठली होती, लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या ग्रां प्रीनंतर पश्चिमेला पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ साली सुझुकीवर ५० सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं. जपानी टू-स्ट्रोकचा पुढचा सगळा दबदबा त्या पळण्याशी जोडलेला आहे. आपल्याकडे पंचाऐंशी साली आलेल्या आरएक्स १०० च्या साध्या दिसणाऱ्या सायलेन्सरच्या पोटातही हेच शंकू होते.

टिवल्याबावल्या

ताई, तुमच्यासारखं कुणी शिकवलं असतं तर मी आज आयटीत नसतो. वाचनखूण साठवली.

फ्रेस्नोकर

मोजलं. पोर्ट १०७ अंशांना उघडतो. ३६० वजा २१४ म्हणजे १४६ अंश.

मग ताईंचं सूत्र उलटं चालवलं. १४६ गुणिले ४२५४५ भागिले ६४० म्हणजे सुमारे ९७००. माझा चेंबर ९७०० आरपीएमला लागू पडणारा आहे!

आता सायकलचं गणित. या इंजिनात आतला गिअर ४.१ पट, समोर १० दात आणि मागे ४४, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या १८ फेऱ्या. चाकाचा घेर २.०७ मीटर. ताशी २८ मैलांना इंजिन ६५०० च्या आसपास फिरतं. ९७०० ला फिरवायचं तर सायकल ताशी ४२ मैलांनी, म्हणजे ६७ किमीने पळायला हवी. ते ना हे इंजिन करणार, ना माझे ब्रेक.

गॅस्केटही काढून पाहिली. मामा म्हणाले तशी खालच्या बाजूला दीड-दोन मिमी कडा आत येत होती. घासून एक केली. ओढीत थोडा फरक वाटतो, पण मनाचा खेळही असेल.

ध्वनिलहरी

आता फ्लायओव्हरचं कोडंही सुटलं. ६५०० ला पोर्ट पावणेचार मिलिसेकंद उघडा असतो. ६४० मिमीच्या पाइपात लहर अडीच मिलिसेकंदांतच परत येते, म्हणजे पोर्ट बंद व्हायच्या जवळपास ४८ अंश आधी. त्या वेळी ट्रान्स्फरची भोकं बहुधा अजून उघडी असतात. लहर ताज्या मिश्रणाला आत कोंबायच्या ऐवजी जळका वायूच मागे ढकलते. चढावर आरपीएम आणखी पडतात, लहर आणखी लवकर येते आणि इंजिन आणखी गुदमरतं. साध्या डब्याच्या सायलेन्सरमध्ये परतणारी लहर क्षीण असते, त्यामुळे तो फायदा करत नाही पण असा घातही करत नाही.

बुलेटराजा

एवढं शास्त्र कशाला? इंजिनाला बॅक प्रेशर लागतं. पाइपाच्या टोकाचं भोक लहान करा, ओढ येईल. आमच्या इथे सगळे असंच करतात.

उद्यमनगरी

बुलेटराजा, तुमचं फोर-स्ट्रोक येगळं, हे येगळं. टू-स्ट्रोकला परत येणारी लहर पाहिजे, तुंबलेला धूर न्हवे. टोकाची बारीक नळी, जिला स्टिंगर म्हणत्यात, ती फार लहान केली की उष्णता आतच राहती. आधी थोडी ओढ आल्यासारखी वाटती, मग लांब पल्ल्यावर पिस्टन पकडतो, म्हंजे सिलिंडरात जाम होतो. आमच्याकडं असे पकडलेले पिस्टन घेऊन पोरं येत्यात. हवेवर थंड होणारं इंजिन हाय, त्याला दम लागतोच. स्टिंगर हेडरच्या, म्हंजे इंजिनाजवळच्या पहिल्या नळीच्या, आतल्या मापाच्या ५८ ते ६२ टक्के ठेवायचा. हेडर आतनं २२ मिमी असंल तर १३.

फ्रेस्नोकर भावा, तुझं गणित बरोबर हाय. आता ६५०० धरून लांबी काढ.

फ्रेस्नोकर

९५६ मिमी. हे तर जवळजवळ मीटरभर झालं! सायकलवर बसवू कुठे?

मिशिगनचा मामेभाऊ

थांबा, थांबा. मीटरभर पाइप बनवण्याआधी माझं ऐका. मीही इकडे असंच किट वापरतो, उन्हाळ्यात तळ्यापर्यंत जाऊन यायला.

तुमच्या पैशाला आणि घामाला सगळ्यात जास्त मोल मागच्या स्प्रॉकेटचं आहे. ४४ काढून ३६ लावा. तेवढ्याच आरपीएमला सायकल जास्त पळते, इंजिन कमी किंचाळतं आणि हँडलची झिणझिण अर्धी होते. चेंबरवाले सगळे आरपीएम वाढवायच्या मागे असतात. या इंजिनाचं क्रँक संतुलन इतकं ढोबळ आहे की ७००० च्या वर चालवणाऱ्याचे दात वाजायला लागतात.

आणि ब्रेक! क्रूझरला मागे पॅडल उलटं मारायचा कोस्टर ब्रेक असेल. तेवढ्यावर ताशी ३० मैल म्हणजे देवाचं नाव घेऊन चालवणं. पुढे चांगला व्ही-ब्रेक नाहीतर डिस्क बसवल्याशिवाय वेगाची भाषा करू नका.

कॅलिफोर्नियात असाल तर कायद्याचंही बघा. तिथल्या वाहन कायद्याच्या कलम ४०६ मध्ये मोटराइज्ड बायसिकलची व्याख्या आहे: पॅडल चालू हवेत, चार अश्वशक्तीपेक्षा कमी मोटर, सपाटीला कमाल ३० मैल आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन. तुमच्या किटला हाताचा क्लच असणार, तिथेच वादाला जागा आहे. शिवाय कलम २७१५१ प्रमाणे आवाज वाढेल असा सायलेन्सर बदलायला मनाई. तुमचा दुप्पट आवाज पोलिसाला आयतं निमंत्रण.

उद्यमनगरी

मामेभाऊ, ब्रेकचं शंभर टक्के पटलं. पण ३६ दाती लावली की चढावर ओढ आणखी कमी होणार. त्याची तक्रारच चढाची हाय. आधी पाइप बरोबर आरपीएमला आणायचा, मग दात कमी करायचे. पाइप लांब केला की ओढ खाली, मधल्या आरपीएमला येती. लोकांना वाटतंय चेंबर म्हणजे टॉप स्पीड. तसं न्हाई, लांबी तुझ्या हातात हाय. म्हशीच्या गाड्याला घोड्याचा लगाम कशाला?

मिशिगनचा मामेभाऊ

तत्त्वतः मान्य. पण साधा सायलेन्सर, घासलेली गॅस्केट आणि ४० दाती हा मध्यम मार्ग चारचौघांना परवडतो. सगळ्यांच्या घरी वेल्डिंग मशीन नसतं.

गोदाकाठचा

मस्त चर्चा. मी नाशिकचा. असं किट आपल्याकडेही ऑनलाइन दिसतं. लायसन्स, नंबर प्लेट काही लागत नाही ना? सायकलच आहे शेवटी. मलाही थेट चेंबरसकटच बसवायचं आहे.

काळाकोट

लागतं. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम २(२८). चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तरच ते 'मोटार वाहन' नाही. ६६ सीसी बसवलं की पॅडल असोत नसोत, ती मोटारगाडी झाली. मग नोंदणी, विमा, परवाना, हेल्मेट सगळं आलं. आणि घरी जुळवलेल्या अशा वाहनाला नोंदणी मिळवायला जाल तर आरटीओत किती चपला झिजतील त्याचा हिशोब आधीच करा. थोडक्यात, शेतात किंवा स्वतःच्या आवारात फिरवा, रस्त्यावर नको.

सायलेन्सरसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १२० आहे. गंमत बघा, त्यात सायलेन्सरची व्याख्याच एक्स्पान्शन चेंबर किंवा अन्य मार्गाने आवाज कमी करणारं साधन अशी आहे. ज्या नावाने पोरं आवाज वाढवतात तेच नाव कायद्यात आवाज कमी करण्यासाठी आलंय. नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मापाबाहेर बदल केला तर कलम ५२ आडवं येतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२): २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात ते फोटो पाहिले असतीलच.

विजेवरचा

सगळा खटाटोप कशासाठी? मागच्या चाकात हब मोटर बसवा. २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आत असेल तर भारतात नोंदणीही नको. ना धूर, ना कार्बन, ना गॅस्केट. २०२४ मध्ये लुनासुद्धा विजेवर परत आली.

लुनाप्रेमी

ई-लुना पाहिली. छान आहे. पण टू-स्ट्रोकच्या तेलाचा वास नाही हो तिला. (ह. घ्या.)

विजेवरचा

तो वास म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि तेल. वर ताईंनी जी गळती सांगितली ना, तीच तुमच्या नाकात जाते.

ध्वनिलहरी

विजेवरचा यांचा मुद्दा बरोबर आहे. नीट जुळलेला चेंबर ती गळती काही प्रमाणात कमीच करतो, पण फक्त जुळलेल्या आरपीएमला. बाकी वेळी नाही.

उद्यमनगरी

चला, मूळ विषयावर. फ्रेस्नोकर भावा, मापं देतो, लिहून घे. ९५६ ची वाटणी:

हेडर, पोर्टाच्या आतल्या भागासकट, ३४० मिमी. त्याचा बाहेरचा शेवट २५ मिमी व्यासाचा. मग फुगत जाणारा शंकू ३०० मिमी, २५ वरनं ६५ मिमी व्यासापर्यंत. मग सरळ पोट २२४ मिमी. मग निमुळता शंकू १८५ मिमी लांब, ६५ वरनं १३ पर्यंत. त्याचा निम्मा, ९२, लांबीत धरलाय. झाले ९५६. पुढं स्टिंगर आतनं १३ मिमी, लांबी १५० च्या आसपास, आणि त्याच्यावर काचेच्या लोकरीचा लहान सायलेन्सर. सायलेन्सर सोडू नको, लावल्यानं ओढ जात न्हाई, फक्त आतली भोकाची नळी स्टिंगरपेक्षा बारीक नको.

मागचा शंकू जास्त उभा केला तर ओढ एकाच आरपीएमला टोकदार येती, अलीकडं-पलीकडं मेलेलं. तुला रस्त्यावर चालवायची हाय, म्हणून आठ डिग्रीची उतरण धरली. रेसवाले याच्यापेक्षा उभी धरत्यात.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड), एक मिमीच्या आत, २० गेज चालतो. जाड पत्रा घेऊ नको, वजन स्टडवर येतं. शंकू उलगडून पत्र्यावर आखायचा, कागदाचा नमुना आधी करून गुंडाळून बघायचा, मगच कात्री. जोड आतनं गुळगुळीत पाहिजे, वेल्डचे थेंब आत राहिले की लहर तिथंच फुटती. इकडं आम्ही गॅसनं करतो, तुझ्याकडं मिग वेल्डिंग असंल तर करंट कमी ठेव, पातळ पत्र्याला भोकं पडत्यात.

फ्रेस्नोकर

मामा, हे सोन्यासारखं आहे. पण ६५ मिमीचं पोट पॅडलला लागणार नाही का?

मिशिगनचा मामेभाऊ

लागणारच, म्हणून वाट आधी ठरवा. पुठ्ठ्याचे शंकू करून दोऱ्याने सायकलला बांधा आणि पॅडल पूर्ण फिरवून बघा. पायाचा घोटा, बुटाची टाच, इंजिनाकडून मागे जाणाऱ्या साखळीची बाजू, सगळ्यांना जागा सोडा. या इंजिनाचा एक्झॉस्ट समोरून निघतो. काहीजण हेडर समोरच्या नळीजवळ वळवून घेतात, म्हणजे लांबी तिथेच खर्ची पडते आणि पोट पॅडलच्या क्रँकच्या अलीकडे बसतं. काहीजण तळातून नेऊन मागच्या चाकाशेजारी सोडतात. वळणं मोठ्या त्रिज्येची ठेवा, चिमटलेली नकोत.

दुसरं, पाइप फक्त दोन स्टडवर लटकवू नका. सिलिंडरचे स्टड ६ मिमीचे असतील तर धक्क्याने ते आतून आटे घेऊन बाहेर येतात. पोटाजवळ एक आधार आणि स्टिंगरजवळ एक, पण दोन्ही रबर बुश घालून. घट्ट लोखंडी पट्टीने बांधलात तर इंजिन एकीकडे हलतं, फ्रेम दुसरीकडे, आणि मध्ये पाइपाचा जोड फाटतो. आणि उघड्या पोटाला पाय लागून भाजू नये म्हणून एक जाळीचं आच्छादन. अर्धी चड्डी घालून चालवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

गोदाकाठचा

काळाकोट साहेब, समजलं. रस्त्यावर नाही, द्राक्षाच्या बागेत चालवीन. तिथे चेंबर नको, साधा सायलेन्सरच बरा ना?

उद्यमनगरी

बागेत हळूच चालवणार, मग साधाच बरा. गॅस्केट घासा, सायलेन्सर साफ ठेवा, टू-टी तेल मोजून घाला. नवीन इंजिनला सुरुवातीला १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल, नंतर २५ ला १ ठेवा. खायचं तेल घालणारा एक जण आला होता माझ्याकडं, त्याचं नाव काढत न्हाई.

फ्रेस्नोकर

अपडेट. पाइप तयार झाला. दिसायला दिव्य आहे: शंकूंचे जोड सरळ नाहीत आणि रंग फक्त काळा उष्णतारोधक स्प्रे. हेडर समोर वळवून घेतला, पोट क्रँकच्या पुढे आलं. पॅडल सुटं फिरतं. पुढच्या चाकाला नवीन ब्रेक आधी बसवला, मामेभाऊंना वचन दिलं होतं.

पहिल्याच फेरीला फ्लायओव्हर न थांबता, पॅडल न मारता चढला. ओढ साधारण ताशी १८-२० मैलांपासून सुरू होते आणि २८ पर्यंत राहते. टॉप स्पीड जीपीएसवर ३० च्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन मैल वाढला. टॉप स्पीडपेक्षा मधली ओढच जास्त जाणवते. काचेच्या लोकरीच्या सायलेन्सरमुळे आवाज विकतच्या चेंबरपेक्षा बराच खाली आला, किटच्या डब्याइतका नाही पण शेजारीण खिडकी बंद करत नाही.

एक शंका. पूर्ण थ्रॉटलला दोन मैल चालवून इंजिन झटक्यात बंद केलं आणि प्लग काढला, तर पांढरट निघाला. आधी तपकिरी निघायचा.

उद्यमनगरी

झकास, भावा! पण पांढरा प्लग म्हणजे मिश्रण पातळ झालंय. पाइप आता जास्त हवा ओढतोय, पेट्रोल तेवढंच येतंय. मेन जेट, म्हंजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक, एक नंबर मोठा टाक आणि परत तसाच प्लग बघ. जेट बदलेपर्यंत पूर्ण थ्रॉटल नको, याच वेळी पिस्टन पकडतो. हेडरचा जोड आणि गॅस्केटबी बघ, तिथनं गळत असंल तरी इंजिन गरम होतं. जोडाभोवती तेलाचा काळा ओघळ दिसला की समजायचं.

फ्रेस्नोकर

मोठा जेट मागवला. जोडावर ओघळ नाही. तोवर अर्ध्या थ्रॉटलवरच.

मिशिगनचा मामेभाऊ

जेट जमला आणि प्लग तपकिरी झाला की ४० दाती बघा. आता ओढ आहे, इंजिन पेलेल.

ध्वनिलहरी

फ्रेस्नोकर, एक विनंती. जेट बदलल्यावर त्याच फ्लायओव्हरवर दोन्ही पाइपांचे जीपीएस आकडे टिपून इथे टाकाल का? विकतचा ६४० मिमीचा फेकू नका. पुढच्या सत्रात पोरांना दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवायचे आहेत.